मास्कमागचं मूल
(अर्नाळा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

लंडनमधलं एक घर, साल 1941. टेबलावर रात्रीचं जेवण मांडून झालंय आणि हवाई हल्ल्याचा भोंगा वाजतो. घरधनी कुरकुरतो, बायकोमुलाला पुढे घालून परसातल्या पत्र्याच्या निवाऱ्यात जाऊन बसतो. ताटं तशीच राहतात. थोड्याच वेळात एक तरुण मुलगी घरात शिरते आणि तिच्यापाठोपाठ एकेक करून रस्त्यावरची पोरं येतात. मळकी, भुकेली, पण या घरात वावरायची जणू सवय असलेली. ती मुलगी टेबलाच्या टोकाशी उभी राहून भाजलेल्या मांसाचे काप वाढते आणि बजावते, एकेकाला एकच तुकडा, आणि प्रत्येकाने नीट चावून खायचं. बाहेर बॉम्ब पडताहेत आणि आत शिस्तीत पंगत बसली आहे.

श्रोतेहो, युद्धाची गोष्ट या टेबलापासून सुरू करायचं धाडस ज्या कथेने दाखवलं, तिच्याविषयी आज बोलायचं आहे. 'डॉक्टर हू' या ब्रिटिश विज्ञानमालिकेतली ही कथा. 'द एम्प्टी चाइल्ड' आणि 'द डॉक्टर डान्सेस' या दोन भागांत ती 21 आणि 28 मे 2005 रोजी बीबीसी वनवर दाखवली गेली. लेखक स्टीव्हन मॉफट, दिग्दर्शक जेम्स हॉज. पुढच्या वर्षी तिला विज्ञानसाहित्यातला मानाचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. पुरस्कार अनेक कथांना मिळतात. पण वीस वर्षं उलटली तरी ही कथा पाहिलेला माणूस अंधाऱ्या बोळात लहान मुलाचा आवाज ऐकला की दचकतो, आणि त्याच कथेच्या शेवटाने त्याचे डोळे भरून येतात. भीती आणि माया एकाच धाग्यात ओवण्याचं हे कसब कुठून आलं, ते पाहण्यासारखं आहे.

मालिका ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. 'डॉक्टर' हा परग्रहावरचा कालप्रवासी. निळ्या रंगाच्या जुन्या पोलीस-पेटीत बसून तो काळात आणि अवकाशात हिंडतो. पेटी बाहेरून टेलिफोनच्या खोक्याएवढी, आतून अफाट. पहिला भाग 23 नोव्हेंबर 1963 रोजी दाखवला गेला. 1989 मध्ये मालिका बंद पडली आणि 2005 मध्ये रसेल टी. डेव्हिस यांनी ती नव्याने उभी केली. त्या पुनर्जन्मातला डॉक्टर ख्रिस्तोफर एकल्स्टन यांनी रंगवला. चामड्याचं काळं जाकीट, बारीक कापलेले केस, आणि कसलं तरी मोठं दुःख गिळून बसलेला चेहरा. आपली सगळी जात एका महायुद्धात संपली आणि आपण एकटेच उरलो, हे त्याचं दुःख आहे. ते ध्यानात ठेवलं तरच या कथेचा शेवट कळतो.

आता त्या टेबलाकडे परत. पोरांना जेवू घालणाऱ्या मुलीचं नाव नॅन्सी. तिच्या मागावर एक लहान मुलगा आहे, चारपाच वर्षांचा, तोंडावर गॅस मास्क. दारोदार, गल्लोगल्ली तो एकच प्रश्न विचारत फिरतो: तू माझी आई का? तार न जोडलेला टेलिफोन वाजतो आणि त्यातून हाच प्रश्न येतो. बंद रेडिओतून येतो, चावीच्या माकडाच्या खेळण्यातून येतो. नॅन्सी पोरांना एवढंच सांगते, त्याला हात लावू द्यायचा नाही. का, ते सांगत नाही.

त्या पोरांच्या बोलण्यात एक जागा आहे, पटकन निसटून जाते. ही मुलं लंडनमध्ये आहेतच कशी? 1 सप्टेंबर 1939 पासून अवघ्या तीन दिवसांत ब्रिटनने सुमारे 15 लाख लोकांना, त्यात बहुसंख्य शाळकरी मुलांना, शहरांतून खेड्यांत हलवलं होतं. गळ्यात नावाची चिठ्ठी, हातात बोचकं, खांद्यावर मास्कचा पुठ्ठ्याचा डबा. मग यांतलं एक पोरगं परत का आलं? ते सांगतं, शेतावर पाठवलं होतं, तिथे एक माणूस होता. बस्स, इतकंच. दुसराही त्याच वाटेने आलेला. संध्याकाळी घरोघरची मुलं पाहतात अशा मालिकेत, एका वाक्यात, कसलाही गाजावाजा न करता ही गोष्ट सांगितली गेली. ज्याला कळायची त्याला ती कळते. बॉम्बच्या पावसात परत येणं ज्या मुलांना बरं वाटलं, ती काय सोसून आली असतील! मॉफट यांच्या लेखनातल्या चमकदार कोट्यांचं कौतुक नेहमी होतं. पण त्यांची खरी ताकद अशा न बोललेल्या जागांत आहे.

मास्क ही काही लेखकाच्या डोक्यातून निघालेली वस्तू नव्हे. पहिल्या महायुद्धात 22 एप्रिल 1915 रोजी ईप्रच्या आघाडीवर जर्मनांनी क्लोरिन सोडला आणि विषारी वायूची धास्ती युरोपच्या हाडात बसली. पुढचं युद्ध वायूचंच असणार, तेही शहरांवर, असं धरून ब्रिटनने सप्टेंबर 1938 पर्यंत सुमारे 3 कोटी 80 लाख मास्क वाटले. दोन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी तांबड्या-निळ्या रंगाचे, घाबरू नयेत म्हणून 'मिकी माउस' म्हटले जाणारे. तान्ह्या बाळासाठी तर कमरेपर्यंत झाकणारं शिरस्त्राणच होतं. बाळाला त्यात घालून पट्टे आवळायचे आणि बाहेरून हाताने भाता दाबत आईने त्याला हवा पुरवायची. हात थांबला तर बाळाचा श्वास अडणार. संग्रहालयात ठेवलेली ही वस्तू पाहिली की कुठल्याही कल्पित राक्षसाची गरज उरत नाही.

प्रत्यक्षात त्या युद्धात ब्रिटनवर विषारी वायू कधी टाकला गेलाच नाही. तरी मास्कने माणसं मारली. सैनिकी मास्कच्या गाळणीत निळं ॲस्बेस्टॉस भरलेलं असे. नॉटिंगहॅमसारख्या ठिकाणी ते भरणाऱ्या कामगारांत बहुतेक बायका होत्या. त्यांतल्या कित्येकजणी पुढे फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाने गेल्या. इतरांचा श्वास वाचवण्याचं काम करताना त्यांनी स्वतःचा श्वास गमावला. आणि वायूचा प्रयोग झालाच नाही असंही नाही. तो रावळपिंडीत झाला, 1930 च्या दशकाच्या सुरुवातीपासून दहाहून अधिक वर्षं, ब्रिटिश शास्त्रज्ञांकडून, शेकडो हिंदी सैनिकांवर. मस्टर्ड गॅस कातडीला किती भाजतो ते मोजण्यासाठी. ही बाब 2007 मध्ये उजेडात आली. आणि वायूचं नाव काढल्यावर भारतीय माणसाला 2 आणि 3 डिसेंबर 1984 मधली भोपाळची रात्र आठवणारच. तेव्हा मास्क लावलेलं ते पोर पाहताना मराठी प्रेक्षकाला परकं वाटण्याचं काही कारण नाही. आपल्याकडच्या ज्येष्ठांनी 1971 च्या डिसेंबरातला काळोख अनुभवलेला आहे. खिडक्यांना काळे कागद, मोटारींचे दिवे अर्धे रंगवलेले, भोंगा झाला की घरातला दिवा मालवायचा. नॅन्सीचं लंडन त्या अंधारापासून फार लांब नाही.

कथेतली सर्वांत भेदक जागा इस्पितळात आहे. ओसाड पडलेल्या अल्बियन रुग्णालयात डॉक्टर कॉन्स्टंटाइन नावाचा एकच वृद्ध वैद्य उरला आहे. खाटांवर शेकडो माणसं, सगळ्यांच्या तोंडावर गॅस मास्क. जवळ जाऊन पाहावं तर मास्क चेहऱ्याला चिकटलेला नाही, तो चेहराच झाला आहे. सगळ्यांच्या डोक्याला त्याच ठिकाणी मार, छातीची तीच बाजू चेपलेली, हाताच्या मागे तोच एक ओरखडा. पहिला रुग्ण बॉम्बस्फोटात सापडलेला तो मुलगा. त्याला ज्याने हात लावला त्याची गत तीच झाली. आणि यांतलं कुणीही मेलेलं नाही. रिचर्ड विल्सन यांनी हा म्हातारा डॉक्टर काही मिनिटांतच असा उभा केला आहे की त्या एवढ्याशा भूमिकेवर वेगळा लेख लिहावा. युद्धाआधी आपण बाप होतो, आजोबा होतो, आता दोन्ही नाही, पण अजून डॉक्टर आहोत, असं तो सांगतो. समोरचा डॉक्टर म्हणतो, माझंही तसंच आहे. एकाने घर गमावलं, दुसऱ्याने अख्खी जात. दोघं आजाऱ्यांच्या खाटांमध्ये उभे राहून एवढंच बोलतात. मग बोलता बोलता म्हाताऱ्याच्या तोंडातून मास्क बाहेर येऊ लागतो. या वेळी कवटी तडकल्याचा आवाजही घातला होता, तो फारच भयंकर वाटल्याने मालिकेच्या लोकांनी स्वतःच कमी केला, असं सांगतात. बरंच झालं. आवाज नसताना जे दिसतं ते पुरेसं आहे.

आणखी एक प्रसंग जवळून पाहू. त्या मुलाची खोली, क्रमांक 802. भिंती लहान मुलाने काढलेल्या चित्रांनी भरलेल्या. डॉक्टर टेपरेकॉर्डर सुरू करतो. कॉन्स्टंटाइन मुलाला प्रश्न विचारताहेत आणि मुलगा आपलं तेच विचारतो आहे, आई कुठे, आई कुठे. डॉक्टर खोलीत येरझाऱ्या घालत मोठ्याने विचार करतो. त्याची सोबतीण रोझ आणि त्यांना इथेच भेटलेला जॅक ऐकताहेत. मागे मुलाचा आवाज चालूच आहे. मग एक बारीक खरखर कानावर येते. टेप संपल्यावर रिकामं चाक फिरतं ना, ती. टेप संपून अर्धं मिनिट झालेलं आहे. म्हणजे आताचा आवाज टेपमधला नाही! वळून पाहावं तर मुलगा दारात. कॅमेऱ्याची हिकमत नाही, संगणकाची करामत नाही. कानाने ऐकलेल्या एका गोष्टीचा अर्थ उशिरा लागतो, एवढ्यावर सगळा थरार उभा आहे. भयकथा लिहिणाऱ्या प्रत्येकाने हे दृश्य पुन्हा पुन्हा पाहावं.

उलगडा होतो तो मात्र शुद्ध विज्ञानकथेचा. या जॅक हार्कनेस नावाच्या भामट्याने भविष्यातलं एक यान लंडनमध्ये आणून टाकलेलं असतं. ते निकामी, रिकामं आहे अशी त्याची समजूत. ती चुला नावाच्या लढाऊ जमातीची रणांगणावरची रुग्णवाहिका निघते. (लेखकमंडळी लंडनच्या हॅमरस्मिथ भागातल्या ज्या भारतीय धाटणीच्या खानावळीत जमली होती तिचं हे नाव.) यानात अतिसूक्ष्म यंत्रं होती, जखमा भरून काढणारी. बाहेर पडल्यावर त्यांना पहिल्यांदा सापडलं एक मेलेलं मूल. माणूस कसा असतो ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. कातडी कुठे संपते आणि रबर कुठे सुरू होतं, त्यांना काय कळणार? त्यांनी मास्कसकट, जखमांसकट मूल जिवंत केलं आणि माणूस असाच असतो असं गृहीत धरून भेटेल त्याला तसंच घडवायला घेतलं. छापखान्यात एकच बिघडलेली प्रत हाती लागावी आणि कंपोझिटरने तीच मूळ मानून हजारो प्रती काढाव्यात, तसं. शिवाय यंत्रं सैन्याची, त्यामुळे प्रत्येक रुग्णात त्यांनी लढवय्याचं बळही भरलं. आईला शोधणारं चार वर्षांचं मन आणि सैनिकाची ताकद.

या कथेत खलनायक नाही. कुणी दुष्ट शास्त्रज्ञ नाही, आक्रमण करणारे परग्रहवासी नाहीत. पडद्यावर एकही नाझी पात्र नाही. जे घडतं ते बरं करण्याच्या इच्छेतून घडतं. वाचवायला आलेली यंत्रणा जखमेलाच माणसाचा नमुना समजते, आणि मग सगळी माणसं त्या जखमेच्या आकाराची होतात. युद्ध समाजाचं काय करतं याचं इतकं अचूक चित्र पडद्यावर फार थोड्या वेळा उमटलं आहे. स्वतःच्या प्रती काढत सुटणाऱ्या सूक्ष्म यंत्रांचा धोका एरिक ड्रेक्सलर यांनी 1986 मध्येच मांडला होता. मॉफट यांनी त्या धोक्याला एका पोराचा चेहरा दिला.

याच मालिकेतली दुसरी गाजलेली युद्धकथा शेजारी ठेवली की फरक कळतो. टेरी नेशन यांची 'जेनेसिस ऑफ द डालेक्स' ही सहा भागांची कथा 8 मार्च ते 12 एप्रिल 1975 या काळात दाखवली गेली. दिग्दर्शक डेव्हिड मलोनी, डॉक्टर टॉम बेकर. तिचं पहिलंच दृश्य धुक्यातल्या रणभूमीचं, गॅस मास्क घातलेले सैनिक संथ गतीने कोसळताहेत. हजार वर्षं चाललेलं युद्ध. शस्त्रं संपत आलेली, म्हणून एकाच सैनिकाकडे नव्या युगाच्या वस्तूंबरोबर जुन्या युगाची हत्यारं. नेशन यांचा जन्म 1930 मध्ये कार्डिफचा. शहरावर जर्मन बॉम्ब पडत असताना लहानपणी त्यांनी कितीतरी रात्री निवाऱ्यात एकट्याने काढल्या. डालेक ही कथेतली संहारक जात म्हणजे नाझी, हे त्यांनी कधी लपवलं नाही. ती कथा थोर आहे यात वाद नाही. दोन तारा हातात धरून, एक अख्खी जात जन्मण्याआधीच मारण्याचा आपल्याला हक्क आहे का, असा प्रश्न डॉक्टर स्वतःला विचारतो, ते दृश्य दूरचित्रवाणीच्या इतिहासात राहील. पण तिथे प्रश्न विचारतात ते वरच्या जागेवरचे लोक: शास्त्रज्ञ, सेनापती, डॉक्टरच्या जातीचे कालस्वामी. 2005 च्या कथेत प्रश्न गल्लीतून येतो. योगायोग असा की तिच्यातल्या इस्पितळाचं चित्रीकरण त्याच कार्डिफमध्ये, एका जुन्या रुग्णालयाच्या इमारतीत झालं.

आता या मालिकेचा मुंबईशी असलेला धागा. 1963 मधली पहिली कथा ज्यांनी दिग्दर्शित केली ते वारिस हुसेन लखनौचे. जन्म 1938, बालपण मात्र बरंचसं मुंबईत गेलं आणि 1946 मध्ये ते कुटुंबासह इंग्लंडला गेले. 'सनलाइट ऑन अ ब्रोकन कॉलम' या कादंबरीच्या लेखिका अतिया हुसेन या त्यांच्या मातोश्री. पंचविशीतला हा हिंदुस्थानी मुलगा आणि बीबीसीच्या नाट्यविभागातली त्या वेळची एकमेव स्त्री निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट यांनी मिळून, कोंदट स्टुडिओत, तुटपुंज्या पैशांत ही मालिका जन्माला घातली. म्हणजे ज्या काळात लंडनची पोरं निवाऱ्यात बसत होती, त्याच काळात मालिकेचा पहिला दिग्दर्शक युद्धकाळातल्या मुंबईत वाढत होता.

आणि मुंबईने ते युद्ध नुसतं वर्तमानपत्रात वाचलं नाही. 14 एप्रिल 1944. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज दोन दिवसांपूर्वी येऊन लागलेलं. पोटात सुमारे 1400 टन स्फोटकं, 31 खोक्यांत सोन्याच्या 124 विटा. वर कराचीत भरलेल्या कापसाच्या हजारो गासड्या, वंगणतेलाची पिंपं, लाकूड, आणि मासळीचं खत. त्या मासळीच्या वासाबद्दल कप्तानाने तक्रार केली होती म्हणतात. किनाऱ्यावर सुकत घातलेल्या बोंबलांच्या वासात वाढलेल्या अर्नाळ्याच्या माणसाला तो वास सांगायला नको. कापूस, तेल आणि दारूगोळा एका जहाजात. स्फोटकांची खूण म्हणून लावायचा लाल बावटाही लावलेला नव्हता. दुपारी धूर दिसला. बंबवाल्यांनी शेकडो टन पाणी ओतलं, पाणी आत उकळू लागलं, पण आगीचं मूळ सापडेना. 3 वाजून 50 मिनिटांनी जहाज सोडण्याचा हुकूम झाला. 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट, 4 वाजून 34 मिनिटांनी दुसरा, पहिल्याहून मोठा. शिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. पेटत्या कापसाचा आणि तप्त लोखंडाचा पाऊस मांडवी-मशीद बंदरच्या वस्तीवर पडला. सोन्याची वीट एका गृहस्थाच्या घराचं छप्पर फोडून आत आली. त्यांनी ती सरकारला परत केली. हजारो लोक बेघर झाले. अधिकृत मोजदादीप्रमाणे मृत सातशे-आठशेच्या घरात, पण गोदीतल्या हंगामी मजुरांची मोजदाद कुणी ठेवली होती? अग्निशमन दलाचे 66 जवान गेले. दरवर्षी 14 एप्रिलला देशभर अग्निशमन सेवा दिन पाळला जातो तो त्यांच्यासाठी.

शहराला वाटलं, जपानी आले. सरकारने बातमी दाबली. जगाला पहिली खबर दिली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने, दुसऱ्या दिवशी. मुंबईच्या वर्तमानपत्रांना मोकळेपणाने छापायची परवानगी मे महिन्यात मिळाली. म्हणजे आपल्या दारात घडलेला संहार आपल्याच माणसाला शत्रूच्या रेडिओवरून कळला. बंद रेडिओतून मुलाचा आवाज येण्याची कल्पना भीतिदायक आहे खरी. पण हा प्रकार तिच्याहून कमी नाही.

मराठी विज्ञानकथेने युद्धाला हात घातलाच नाही असं मात्र कुणी म्हणू नये. जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही या प्रकारातली आपली सर्वांत तेजस्वी कथा. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा एका जगात जातात जिथे 14 जानेवारी 1761 रोजी गोळी विश्वासरावांना लागली नाही, कानाजवळून गेली. मराठे जिंकले आणि पुढचा सगळा इतिहास वेगळा झाला. नारळीकरही 1938 चेच, कोल्हापूरचा जन्म. केंब्रिजमध्ये त्यांचे गुरू फ्रेड हॉइल. हॉइल यांनी महायुद्धात आरमारासाठी रडारवर काम केलं आणि 1961 मध्ये जॉन एलियट यांच्यासह बीबीसीसाठी 'ए फॉर अँड्रोमेडा' ही विज्ञानमालिका लिहिली. म्हणजे ब्रिटिश दूरचित्रवाणीवरच्या विज्ञानकथेचा एक झरा थेट मराठी विज्ञानकथेच्या उगमाशी येऊन मिळतो. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवून पहिलं बक्षीस मिळवणारे नारळीकर या बाबतीत गुरूचे खरे शिष्य. 20 मे 2025 रोजी ते गेले. त्यांच्या पानिपताच्या कथेविषयी पुरेपूर आदर ठेवूनही एक गोष्ट म्हणावीशी वाटते. तिथेही इतिहास बदलतो तो पेशव्यांच्या मुलाला लागणाऱ्या किंवा न लागणाऱ्या गोळीमुळे. पानिपतावर फौजेबरोबर गेलेल्या हजारो बायका, पोरं, यात्रेकरू, बुणगे यांच्या बाजूने ती लढाई कशी दिसली असेल, ती कथा अजून लिहायची राहिली आहे.

अर्नाळ्याला हे वेगळं सांगायला नको. समोर बेटावर किल्ला उभा आहे. 1516 मध्ये गुजरातच्या सुलतानाच्या काळात बांधलेला, मग पोर्तुगीजांकडे गेलेला, 1737 मध्ये मराठ्यांनी घेतलेला. दोनच वर्षांनी, मे 1739 मध्ये, चिमाजीअप्पांनी वसई घेतली. वसईच्या चर्चमधल्या घंटा विजयाची निशाणी म्हणून घाटावरच्या देवळांत गेल्या, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली त्यांतलीच एक. किल्ल्याच्या नावाने नौदलाची जहाजं झाली. पाणबुड्यांचा माग काढणारी नवी 'आयएनएस अर्नाळा' 18 जून 2025 रोजी विशाखापट्टणमला नौदलात दाखल झाली. सरदारांची नावं आहेत, जहाजाचं नाव आहे. पण वेढ्याच्या काळात या किनाऱ्यावरच्या पोरांना कोण जेवू घालत होतं, हे कुठल्या बखरीत सापडायचं?

नॅन्सीच्या कथेत तेच सापडतं, आणि कथेचा सगळा निकाल तिथेच लागतो. तो मुलगा, जेमी, तिचा भाऊ असं ती सांगत आलेली असते. खरं म्हणजे ती त्याची आई. कोवळ्या वयात, लग्नाविना झालेली आई. समाजाच्या भीतीने तिने त्याला भाऊ म्हणून वाढवलं. मूल मास्कमागून जगाला विचारत फिरतं आहे आणि ज्या एकीला उत्तर ठाऊक आहे ती लाजेने गप्प. शेवटी ती उघड्यावर, सगळ्यांसमोर कबूल करते आणि त्याला मिठीत घेते. स्पर्श झाला की संपलो, हे माहीत असून घेते. तेव्हा त्या सूक्ष्म यंत्रांना आईच्या पेशींत मुलाचा खरा नमुना सापडतो आणि त्यांना आपली चूक कळते. मास्क उतरतो. मागे एक साधं, गोरं, गोंधळलेलं पोर.

दुसऱ्या भागात जॅकच्या थट्टामस्करीवर जरा जास्त वेळ जातो, हा दोष मान्य करायला हवा. रोझ आणि डॉक्टर यांच्या नाचण्याच्या गप्पाही ताणल्या आहेत. पण मुलं बरी होतात, इस्पितळातले सगळे उठून उभे राहतात आणि डॉक्टर आनंदाने ओरडतो की आज कुणी मेलं नाही, फक्त एकदाच का होईना सगळे जगले, तेव्हा त्या आनंदाला हलकेपणा येत नाही. काही टीकाकारांना हा शेवट सोपा वाटतो. तो सोपा नाही. ओरडणारा माणूस सगळे मेलेलं युद्ध बघून आलेला आहे, आणि बाहेर लंडनवर बॉम्ब पडतच आहेत. ब्रिटनभरच्या त्या बॉम्बवर्षावात 40 हजारांहून अधिक नागरिक मेले, हे प्रेक्षकाला ठाऊक आहे. एका रात्री, एका गल्लीत, इतकाच दिलासा कथा देते. त्याहून जास्त देण्याचा आव ती आणत नाही.

आपल्याकडे दूरदर्शनवर 'स्पेस सिटी सिग्मा' झाली, 'कॅप्टन व्योम' झाला. दोन्हींची स्वप्नं अंतराळात होती आणि त्या काळच्या मुलांना त्यांनी पुष्कळ दिलं. मराठी वाहिन्यांवर इतिहासाच्या मालिका वर्षानुवर्षं चालतात. इतिहास आणि विज्ञानकथा यांचा संगम करणारी, सामान्य माणसाच्या उंचीवरून युद्ध दाखवणारी कथा मात्र मराठी पडद्यावर अजून यायची आहे. तिच्यासाठी सामग्री शोधायला लंडनला जावं लागणार नाही. व्हिक्टोरिया डॉकचं ते दुपारचं वेळापत्रक मिनिटामिनिटांसह हाताशी आहे. 4 वाजून 6 मिनिटं ते 4 वाजून 34 मिनिटं, मधली अठ्ठावीस मिनिटं. मांडवीच्या चाळीतून आपलं माणूस शोधायला गोदीकडे धावत निघालेली बाई, रस्त्यावर पडलेली जळती गासडी चुकवत तिच्यामागे आलेलं पोर, वरून काय पडलं याचा पत्ता नसलेला हमाल, आणि दुसऱ्या बाजूने त्याच आगीकडे निघालेला बंब. ती कथा लिहिणाऱ्याला पहिल्यांदा ठरवावं लागेल ते इतकंच की त्या अठ्ठावीस मिनिटांत कालप्रवासी नेमका कोणाच्या शेजारी येऊन उभा राहतो.